वेताच्या तलवारी आणि नडगीवरचे घाव

मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा फराळाच्या ताटावरच मामाने विचारलं, "तू म्हणे तिकडे चिलखत घालून मारामाऱ्या करतेस. याला पीएचडी देतात?" मी नेहमीचं उत्तर दिलं. मारामाऱ्या मी करत नाही, करणाऱ्यांकडे बघते. आणि चिलखत घालते कमी, बनवते जास्त. मामाचं समाधान झालं नाही. "बरं, मग त्यातून निघतं काय?" असं त्याने विचारलं आणि तेवढ्यात मामी चकल्या घेऊन आली म्हणून मी सुटले.

प्रश्न मात्र बरोबर होता. पाच-सहाशे वर्षांपूर्वीचं चिलखत आज पुन्हा बनवून, अंगावर घालून, त्यात एकमेकांना बडवून इतिहासाबद्दल काही कळतं का? की ती नुसती हौस? या पोस्टमध्ये उत्तर द्यायचा प्रयत्न करते. आधीच सांगून ठेवते, या उत्तरात माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण बुडालेलं आहे.

गोष्ट बाल्टिक समुद्रातल्या एका बेटावरची आहे. बेटाचं नाव गोटलंड, आज स्वीडनचा भाग. स्वीडनच्या किनाऱ्यावरून बोटीने तीन-सव्वातीन तास लागतात. बेटावर मोठं शहर एकच, विस्बी. मध्ययुगात उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांचा जो संघ होता, हॅन्सा, त्यातलं हे एक गब्बर बंदर. शहराभोवती सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीची दगडी तटबंदी आहे आणि ती आजही बरीचशी उभी आहे. आपल्याकडे तटबंदी म्हटलं की बाहेरचा शत्रू डोळ्यासमोर येतो. विस्बीची भिंत बेटावरच्याच शेतकऱ्यांच्या विरोधातही होती. 1288 मध्ये शहरवाले आणि गाववाले यांच्यात चक्क युद्ध झालं होतं. व्यापार कुणाच्या हातात राहणार, हा त्यातला मुद्दा.

इथे 'शेतकरी' या शब्दावर जरा थांबा. हे कुणी फाटके लोक नव्हते. गोटलंडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची जहाजं घेऊन व्यापार करत आले होते. त्यांनी बांधलेली नव्वदहून अधिक मध्ययुगीन चर्चेस आजही बेटावर उभी आहेत, एवढ्याशा बेटावर! तेव्हा त्यांच्याकडे लोखंड होतं, शस्त्रं होती आणि चिलखतंही होती. नव्हता तो लढाईचा सराव.

1361 च्या जुलैत डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार सैन्य घेऊन बेटावर उतरला. वाटेत मेस्टरबी या गावाजवळ गाववाल्यांनी त्याला अडवायचा प्रयत्न केला, तो मोडला. (अलीकडच्या वर्षांत तिथे मेटल डिटेक्टर घेऊन शोध घेतला, तेव्हा चिलखतांचे तुकडे सापडले.) मग 27 जुलैला, मंगळवारी, विस्बीच्या तटाबाहेर मोठी लढाई झाली. एका बाजूला राजाचं पगारी, सरावलेलं सैन्य. दुसऱ्या बाजूला गावोगावचे पुरुष, त्यांत मिसरूडही न फुटलेली पोरं होती आणि म्हातारेही. मेलेल्यांचा आकडा अठराशेच्या आसपास मानला जातो. हे सगळं होत असताना शहराचे दरवाजे बंद राहिले. बहुतेक अभ्यासकांच्या मते शहरातले लोक तटाच्या आत थांबले, आणि दोन दिवसांनी, 29 तारखेला, शहराने शरणागती पत्करली. राजाने शहराचे व्यापारी हक्क कायम ठेवले. हिशोब चुकता.

मेलेल्यांना तटाबाहेर, एका मठाजवळ मोठे खड्डे खणून पुरलं. तिथे एक दगडी क्रूस उभारला. त्यावर लॅटिनमध्ये साल आणि वार कोरलेला आहे, विस्बीच्या दरवाजांसमोर डेनांच्या हातून गोटलंडचे लोक पडले, इथे पुरले आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा, अशा अर्थाचा मजकूर आहे. दरवाजे बंद होते हे त्यात नाही.

आता चिलखतांच्या अभ्यासकांना या खड्ड्यांचं एवढं कौतुक का? कारण मध्ययुगात मेलेल्या सैनिकाच्या अंगावर चिलखत कुणी ठेवत नसे. लोखंड महाग. लढाई संपली की जिंकणारे प्रेतं नागवी करत. म्हणून चौदाव्या शतकातल्या साध्या माणसाचं चिलखत जवळपास शिल्लकच नाही. संग्रहालयांत दिसतात ती राजे-सरदारांची, तीही बहुतेक नंतरच्या काळातली. विस्बीत मात्र कितीतरी जणांना चिलखतासकट पुरलं गेलं. भर उन्हाळा, प्रेतांचा खच, लगेच सुरू झालेली कुज, त्यामुळे अंगावरून काढायला वेळ आणि ताकद राहिली नसावी, असं त्याचं सर्वमान्य स्पष्टीकरण आहे.

1905 मध्ये पहिला खड्डा शास्त्रीय पद्धतीने उघडला गेला. पुढे 1912 मध्ये आणि सगळ्यात मोठ्या प्रमाणावर 1928 ते 1930 मध्ये उत्खनन झालं. साधारण 1,185 माणसांचे अवशेष मिळाले. गंजलेल्या पट्ट्यांचे गठ्ठे, कड्यांच्या जाळीच्या टोप्या (काहींच्या आत अजून कवटी होती), बक्कलं, पैशाच्या पिशव्या. बेंग्त थोर्डेमान या संशोधकाने बो इंगेलमार्क आणि इतर सहकाऱ्यांबरोबर 1939-40 मध्ये याचा दोन खंडांचा अहवाल इंग्रजीत काढला, 'आर्मर फ्रॉम द बॅटल ऑफ विस्बी, 1361'. आमच्या क्षेत्रातली ही पोथीच. इंगेलमार्क शरीररचनाशास्त्राचे अभ्यासक. हाडांवरचे घाव त्यांनी एकेक करून मोजले.

थोर्डेमानचं काम किती अवघड होतं ते स्वतः एक पट्टी ठोकल्याशिवाय मला कळलं नव्हतं. हे चिलखत म्हणजे कापडाचा किंवा चामड्याचा अंगरखा, आणि त्याच्या आतून रिव्हेटांनी ठोकलेल्या लोखंडी पट्ट्या. इंग्रजीत 'कोट ऑफ प्लेट्स'. बाहेरून फक्त रिव्हेटांची डोकी दिसतात, लोखंड दिसत नाही. प्रतापगडाच्या गोष्टीतलं अंगरख्याखालचं चिलखत आपल्याला लहानपणापासून पाठ असतं. इथे अंगरखा आणि चिलखत एकच. जमिनीत साडेपाचशे वर्षं गेल्यावर चामडं-कापड बहुतेक नाहीसं झालेलं. उरल्या त्या सुट्या किंवा एकमेकींना गंजून चिकटलेल्या पट्ट्या, आणि त्यांना जागोजागी छिद्रं. छिद्रांच्या जागा, रिव्हेटांची लांबी, कुठली पट्टी कुठल्या बरगडीवर पडली होती, यावरून अख्खा अंगरखा मनाने शिवायचा. थोर्डेमानने अशी 25 चिलखतं मांडून त्यांचे प्रकार पाडले. कुणाच्या चिलखतात मोजक्या मोठ्या पट्ट्या, कुणाच्या शेकडो बारक्या. काही नमुने 1361 सालीसुद्धा जुनाट म्हणावेत असे होते. आजोबांचं चिलखत नातवाने घातलं असेल का? मला तसं वाटतं, पण पट्टीवर तसं लिहिलेलं नाही.

आता दुसरं टोक बघा. 1 मे 1966 ला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत, एका घराच्या परसात काही कॉलेजवयीन मंडळींनी मध्ययुगीन थाटाची पार्टी केली आणि तलवारबाजीचे सामने खेळले. त्यातून 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम' नावाची संस्था उभी राहिली. आज ती जगभर पसरलेली आहे. हौस त्याआधीचीही आहे म्हणा. 1839 च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या एग्लिंटनच्या अर्लने प्रचंड खर्च करून सरदारी थाटाची भालेबाजी भरवली होती, लाखभर लोक बघायला आले असं म्हणतात, आणि पहिल्याच दिवशी असा पाऊस कोसळला की चिलखतातले वीर छत्र्या धरून परतले. पण ती बड्या लोकांची मौज होती. 1966 नंतरची हौस साध्या, नोकरदार माणसांची आहे. आणि या माणसांना सरदाराचं चकचकीत चिलखत परवडत नाही. त्यांना हवं होतं घरच्या गॅरेजमध्ये पत्रा कापून बनवता येईल असं काहीतरी. थोर्डेमानच्या खंडांत मापांसकट आकृत्या होत्याच. त्यामुळे झालं असं, की विस्बीच्या खड्ड्यातल्या शेतकऱ्यांची चिलखतं जगातली सगळ्यात जास्त नक्कल झालेली मध्ययुगीन चिलखतं ठरली. ओहायोतला प्लंबर, पोलंडमधला शिक्षक, ऑस्ट्रेलियातला आयटीवाला, सगळ्यांच्या अंगावर 'विस्बी'. प्रकाराला नावच ते पडलं आहे. खुद्द विस्बीत 1984 पासून दर ऑगस्टमध्ये 'मध्ययुग सप्ताह' भरतो आणि त्याच तटाखाली हजारो लोक जुन्या वेशात फिरतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मला ते जत्रेसारखं वाटलं, आवडलंही. संध्याकाळी क्रुसापाशी गेले तेव्हा तिथे विस्बी चिलखत घातलेला एक मुलगा आइस्क्रीम खात बसला होता. त्याला नावं ठेवायचा हेतू नाही. आपल्याकडे शिवजयंतीला मावळ्याच्या वेशातली पोरं वडापाव खातातच की.

तर माझं काम. पहिल्या वर्षी मी विस्बीतल्या एका नमुन्यावरून चिलखत बनवलं. दीड मिलिमीटरचा पत्रा, कात्री, ऐरण, हातोडा, चामडं आणि हाताने ठोकलेली रिव्हेटं. अंगठ्याचं नख दोनदा गेलं. यातून काय कळलं? काही गोष्टी खरोखर कळल्या, आणि पुस्तकातून त्या कळल्या नसत्या.

रिव्हेट फार घट्ट ठोकलं तर पट्ट्या एकमेकींवर सरकत नाहीत आणि वाकताच येत नाही. फार सैल ठोकलं तर पट्टी खुळखुळते आणि छिद्रापाशी चामडं फाटतं. मधलं माप हाताला सापडायला मला चाळीसेक रिव्हेटं फुकट घालवावी लागली. दुसरं, गंज. पट्टीची अंगाकडची बाजू पुसता येते, पण चामड्याकडच्या बाजूला हात पोचत नाही. घाम तिथेच मुरतो. एका उन्हाळ्यात माझ्या पट्ट्या त्या बाजूने तपकिरी झाल्या. म्हणजे असं चिलखत पिढ्यान्‌पिढ्या टिकवायचं तर कधीतरी रिव्हेटं तोडून सगळं उसवावं लागणार, म्हणजे गावात कुणीतरी हे काम जाणणारा हवा. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. यातली बरीच चिलखतं पाठीवर बांधायची आहेत. एकट्याला ती घालताच येत नाहीत. मी आरशासमोर अर्धा तास झटापट केली आणि शेवटी वर्कशॉपच्या सफाईवाल्या काकूंना हाक मारली.

काही गोष्टी मात्र माझ्या प्रतिकृतीतून कळणं शक्यच नाही. माझा पत्रा कारखान्यात लाटलेला आहे, सगळीकडे एकसारखा जाड. 1361 चं लोखंड लहान भट्टीतलं. त्यात भट्टीतली मळी अडकलेली असते, पट्टी हाताने ठोकून पातळ केलेली असते, एके ठिकाणी जाड तर दुसरीकडे कागदासारखी. तेव्हा माझ्या चिलखतावर बाण मारून 'बघा, अडला!' असं म्हणण्यात अर्थ नाही. यूट्यूबवरचे असे व्हिडिओ बघताना आधी पत्रा कुठला वापरलाय ते शोधा. कड्यांच्या जाळीच्या चिलखताची तर यात फार बदनामी झाली आहे. युरोपातल्या जुन्या चिलखतात कडीची टोकं रिव्हेटने जोडलेली असत, आणि हौशी लोक स्वस्तात तार वळवून टोकं नुसती भिडवून ठेवतात. त्यावर भाला मारला की कडी उघडते आणि निष्कर्ष निघतो, चिलखत कुचकामी!

पण पत्र्याच्या चुकीची मला पहिल्यापासून कल्पना होती. मी बुडाले ते दुसरीकडे.

इंगेलमार्कच्या मोजणीत साडेचारशेच्या वर लोकांच्या हाडांवर धारदार शस्त्रांचे घाव आहेत, सव्वाशेच्या आसपास लोकांना टोचणाऱ्या जखमा. पायांवरचे घाव विलक्षण जास्त, त्यातही गुडघ्याखाली, नडगीवर. माझ्या डोक्यात एक सरळ योजना होती. ढाल-तलवार घेऊन लढणाऱ्या आजच्या हौशी लोकांच्या शेकडो चकमकींची चित्रफीत उपलब्ध आहे. त्यात फटके शरीरावर कुठे बसतात ते मोजायचं, शेजारी इंगेलमार्कचे आकडे ठेवायचे आणि तुलना करायची. शस्त्रं साधारण तीच, चिलखत तर त्याच लोकांचं! आठ महिने मी व्हिडिओ थांबवून-थांबवून खुणा केल्या. नडगीवर फटके जवळजवळ शून्य. मला वाटलं, मोठा शोध लागला. मी लिहून टाकलं की समोरासमोरच्या ढाल-तलवारीच्या लढाईत नडगी हे नैसर्गिक लक्ष्य नाहीच, तेव्हा विस्बीतले पायांवरचे घाव रांग मोडल्यानंतरचे, पळणाऱ्या किंवा पडलेल्या माणसांवरचे असणार.

प्रकरण माझ्या गाइडकडे गेलं. तिने परत पाठवताना समासात एवढंच लिहिलं होतं : "नियम काय होते?"

मी नियमांचं पुस्तक काढून वाचलं आणि खुर्चीत बसून राहिले. त्या 1966 वाल्या संस्थेत तलवारी वेताच्या असतात. (फरी-गदगा बघितलेल्यांना यात नवल वाटणार नाही. काठी आणि ढाल घेऊन तलवारीचा सराव करणं आपल्याकडेही जुनंच.) आणि गुडघ्याखाली मारायला तिथे बंदी आहे. सुरक्षिततेसाठी, योग्यच आहे. मांडीवर फटका बसला तर 'पाय गेला' असं मानून गुडघ्यांवर बसायचं आणि तिथूनच लढत राहायचं. म्हणजे आठ महिने मी मोजला तो माणसांचा स्वभाव नव्हता, नियमावलीचं एक कलम होतं. हे मला माहीत नव्हतं असंही नाही! मी त्यांच्या सामन्यांना गेले होते, पंचांच्या सूचना ऐकल्या होत्या. पण इतक्या वेळा ऐकल्या होत्या की त्या ऐकू येईनाशा झाल्या होत्या.

बोथट पोलादी शस्त्रांनी खेळतात त्या दुसऱ्या प्रकारात, बुहुर्तमध्ये, आणखी वेगळी गंमत. तिथे जो पडला तो बाद. त्याला हात लावायचा नाही. विस्बीच्या कवट्यांवर एकाहून जास्त घाव आहेत, आणि त्यांतले काही पडलेल्या माणसावर घातलेले असावेत असं मानलं जातं. खेळ जिथे थांबतो तिथे ती लढाई थांबली नव्हती.

म्हणजे एवढी नक्कल केलेलं चिलखत, एवढ्या प्रेमाने ठोकलेली रिव्हेटं, आणि लढाईतली नेमकी तीच गोष्ट वगळलेली जिने ते चिलखत घालणाऱ्यांना मारलं. शेतकऱ्यांची छाती-पोट झाकलेलं होतं, डोक्यावर जाळीची टोपी होती. पायांवर बहुतेकांच्या लोखंड नव्हतं.

पुढे मी एका गटाला विनंती केली की नडगीला जाड गाद्या बांधून, मऊ शस्त्रं घेऊन, गुडघ्याखालीही मारायची मुभा ठेवून खेळा. (गटाचं नाव सांगत नाही, त्यांच्या विमा कंपनीला कळायला नको.) एका दुपारचा खेळ, त्याला मी पुरावा म्हणणार नाही. पण पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांच्या उभं राहण्याची ढब बदलली. पुढे टाकलेला पाय मागे गेला. छातीशी धरलेली ढाल खाली उतरली, आणि ढाल उतरली की डोकं उघडं. पंधरा वर्षं खेळणारा एक जण वैतागून म्हणाला, मला काहीच येत नाही असं वाटतंय. त्याच्या शरीरात पंधरा वर्षं मुरलेलं ज्ञान खरंच होतं, पण ते मध्ययुगाचं नव्हतं, 1966 नंतरचं होतं.

मग मी उलट टोकाला गेले. वाटलं, नडगी हेच मुख्य लक्ष्य, घाव पायावर घालायचा, माणूस पडला की डोक्यावर. इथेही थांबावं लागतं. आपली स्वतःची नडगी चाचपून बघा. कातडीखाली लगेच हाड. तिथे तलवार लागली की हाडावर खूण उमटणारच. तोच वार पोटात, कुशीत किंवा मांडीच्या मागच्या बाजूला लागला तर माणूस मरेल आणि हाडावर ओरखडाही येणार नाही. इंगेलमार्कसमोर फक्त हाडं होती. म्हणजे नडगीवरचे घाव मोजणीत मुळातच जास्त दिसणार. किती जास्त, हे ठरवायला सापळ्यांकडून उत्तर मिळत नाही.

चांगला प्रयोग कसा असतो तेही सांगते, नाहीतर सगळंच निराशेचं वाटेल. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या ग्रॅहॅम अ‍ॅस्क्यू आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. चिलखत घालून प्रात्यक्षिकं करण्याचा अनुभव असलेल्या चौघांना त्यांनी पंधराव्या शतकातल्या पूर्ण चिलखतांच्या प्रतिकृती घालून ट्रेडमिलवर चालवलं, पळवलं आणि त्यांचा श्वास मोजला. चिलखतं 30 ते 50 किलोंची. चालायला लागणारी ऊर्जा दुपटीहून थोडी जास्त, म्हणजे 2.1 ते 2.3 पट झाली, पळताना 1.9 पट. आणि तेवढंच वजन पाठीवरच्या पिशवीत असतं तर एवढा खर्च आला नसता, कारण चिलखताचं बरंचसं वजन हातापायांवर असतं आणि प्रत्येक पावलाला ते उचलून पुढे फेकावं लागतं. छाती आवळल्यामुळे श्वासही उथळ आणि भराभर होतो. प्रश्न बघा किती नेटका आहे. शूर कोण, डावपेच कुठले, काही नाही. एवढं वजन, अशा जागी, तर शरीराला काय पडतं? त्याला पत्रा कारखान्याचा असला तरी चालतो, कारण वजन हे वजन आहे. नियमावली आड येत नाही, कारण ट्रेडमिलवर कुणी कुणाला मारत नाही.

(चिलखतातल्या सरदाराला घोड्यावर चढवायला यारी लागायची, असं तुम्ही कुठेतरी पाहिलं असेल. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या 1944 च्या 'हेन्री द फिफ्थ' चित्रपटात तसं दृश्य आहे. विसरून जा. रणांगणावरचं पूर्ण चिलखत साधारण 20 ते 25 किलोंचं असे. बूसिको नावाचा फ्रेंच सेनानी, जो 1415 मध्ये अ‍ॅजिनकोर्टला इंग्रजांच्या हाती सापडला, तो चिलखत घालून शिडीच्या मागच्या बाजूने नुसत्या हातांनी चढायचा, असं त्याच्या हयातीत लिहिलेल्या चरित्रात आहे. चरित्रकार त्याचा भक्त होता, हे धरून थोडं कमी करा.)

लीड्सचा निष्कर्ष मी विस्बीशेजारी ठेवते तेव्हा एक शक्यता दिसते. लोखंड मोजकंच असेल तर ते आधी कुठे घालाल? धडावर आणि डोक्यावर. पायांवर घातलं तर ते महागही पडतं आणि दमवतंही सगळ्यात जास्त. म्हणजे उघडे पाय हा त्या लोकांचा अडाणीपणा नव्हता, हिशोब होता. सरावलेल्या सैन्यासमोर तो चुकला. हा माझा तर्क आहे, आणि सध्या प्रबंधात तो तर्क म्हणूनच लिहिलेला आहे. गाइडने त्यावर अजून समासात काही लिहिलेलं नाही.

बुडालेलं प्रकरण परिशिष्टात गेलं. व्हिडिओवरच्या सगळ्या खुणा मी ठेवल्या आहेत. आधुनिक खेळाचा इतिहास लिहायला कुणाला तरी त्या उपयोगी पडतील.

आता काम चालू आहे ते पाठीवरच्या बक्कलांवर. वर म्हटलं ना, ही चिलखतं एकट्याला घालता येत नाहीत. बक्कल कुठे आहे, पट्टा किती लांब, दुसरं माणूस मागे उभं राहिल्याशिवाय ते बांधता येतं का, हे नमुन्यागणिक तपासायला लढायची गरज नाही, नियमांची नाही, शूरपणाची तर नाहीच. लागतं एक माणूस घालायला आणि एक बांधायला. 27 जुलै 1361 च्या सकाळी त्या बेटावर शेकडो पाठींमागे कुणी ना कुणी उभं राहिलं होतं. आई, बायको, भाऊ, शेजारी. त्या माणसांचा उल्लेख कुठल्याही कागदात नाही, पण बक्कलांच्या जागा खड्ड्यात जशाच्या तशा राहिल्या.

मामाला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आता तुझ्या चिलखताचं बक्कल कोण बांधतं?" त्या सफाईवाल्या काकूच. त्यांना आता बंदाची लांबी माझ्याहून चांगली कळते, आणि त्यांचं नाव प्रबंधाच्या आभारात आहे.

एक विनंती. गावाकडच्या वाड्यात, देवळात किंवा जवळच्या संग्रहालयात जुनं चिलखत बघायला मिळालं आणि परवानगी असली, तर कृपा करून मागच्या बाजूचे फोटो काढा. बंद कुठे आहेत, कडी कुठे आहे, काही उसवून पुन्हा जोडलेलं दिसतं का, तेवढं टिपा. पुढून सगळेच काढतात.